उसाच्या ट्रॅक्टरची पुढची चाके का उचलतात?

गळीत हंगामात राजारामपुरीतून कसबा बावड्याच्या साखर कारखान्याकडे गेलात, तर उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर तुम्हांला दिसतील. तोडलेला ऊस जितका पडून राहील, तितके त्याचे वजन आणि त्यातील साखर घटते. कोल्हापूर भागात पाण्याबरोबर ऊस वाढला, तेव्हा ही घाई एकट्या बैलगाडीला पेलेना. तिच्या जोडीला ट्रॅक्टर आला आणि घरचाच झाला. त्याला नाव मिळते, दसऱ्याला झेंडूची माळ मिळते.

असेच नाते दूरच्या कोलंबिया देशातही जुळले. दुसऱ्या महायुद्धासाठी बनलेली विलिस जीप युद्धानंतर तेथील डोंगराळ कॉफीमळ्यांत पोचली आणि पोती वाहू लागली. (हीच जीप महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत जोडायला घेतली, १९६३ मध्ये ती ट्रॅक्टरच्या धंद्यातही उतरली.) कोलंबियाचा हा कॉफीप्रदेश २०११ मध्ये जागतिक वारसा यादीत आला. तेथे ‘यिपाओ’ नावाची जीपची मिरवणूक निघते. काही चालक जीपच्या मागच्या टोकाला जड भार रचून पुढची चाके चक्क हवेत उचलतात! लोक टाळ्या वाजवतात.

पण जी तिथे करामत, तो आपल्या चढावर धोका आहे. कसा, ते पाहू.

समजा, उसासह ट्रॉल्यांचे वजन २० टन आहे. रस्ता दर २० मीटरला १ मीटर चढतो. नुसत्या चढासाठीच ट्रॅक्टरला २० ÷ २० = १ टन, म्हणजे १००० किलोग्रॅम-भार ओढ लावावी लागते. ही ओढ ट्रॅक्टरला मागे खेचते. मात्र मागची चाके जमिनीला धरून असतात. त्यामुळे ट्रॅक्टर मागच्या चाकांवर उलटा फिरू पाहतो. फिरवण्याचा हा परिणाम बल आणि त्याची जमिनीपासूनची उंची यांच्या गुणाकाराएवढा असतो.

ट्रॉली जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंचीवर जोडली आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत २०० सेंटिमीटर अंतर आहे असे माना. मग पुढच्या चाकांवरचा भार १००० × ५० ÷ २०० = २५० किलोग्रॅमने कमी होईल. सपाटीवर उभे असताना तो ७०० असेल, तर ४५० उरेल. हीच ट्रॉली ९० सेंटिमीटर उंचीवर जोडली, तर भार ४५० ने घटून २५० च उरेल.

त्यातच क्लच झटक्याने सोडला, तर ओढ क्षणभर फार वाढते. पुढची चाके उचलली की स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. चाके आणखी उचलली, तर ट्रॅक्टर मागे उलटून चालकाच्या अंगावर येऊ शकतो.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा: ट्रॉली ठरवून दिलेल्या खालच्या जागीच जोडावी, भार बेताचा भरावा आणि चढावर क्लच हळू सोडावा. घरी ट्रॅक्टर असेल, तर जोडाची उंची टेपने मोजा आणि वरचे गणित स्वतः करून वडीलधाऱ्यांना दाखवा.

आता एक प्रश्न. काही ट्रॅक्टरांच्या तोंडाशी लोखंडी वजने लावलेली असतात. आधीच जड असलेल्या यंत्राला हे आणखी ओझे कशासाठी?