व्यायामाचा श्रीगणेशा
व्यायामशाळेत नव्याने येणारा बहुधा शेजाऱ्याकडे पाहून वजन उचलतो. घात होतो तो येथेच. पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली शक्ती ही मुख्यतः मज्जासंस्थेची करामत असते. आहेत तेच स्नायू ती अधिक कौशल्याने वापरू लागते. पुढे स्नायू बळावतात. परंतु त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा त्या मानाने सावकाश बळकट होतात. अंगात जोर आल्यासारखे वाटते आणि अनेकांचा खांदा दुखावतो तो याच काळात. म्हणून आधी नुसत्या दांड्यावर हात बसवावा. स्पर्धेतील हा पोलादी दांडाच पुरुषांसाठी २० आणि स्त्रियांसाठी १५ किलोचा असतो! तोही जड वाटल्यास जोर-बैठका आहेतच. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत. स्नायूंची डागडुजी मधल्या विश्रांतीत होते. आधीचे वजन न डगमगता उचलता आले, की मगच थोडे वाढवावे.