पुकारा होण्याआधी

तुझी आई म्हणाली, कुटुंब न्यायालयात तू वकील न लावता स्वतःच उभी राहणार आहेस. राहा की. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील हक्क म्हणून लावता येत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. तेव्हा तू काही जगावेगळं करत नाहीयेस, पोरी. फक्त एवढं सांभाळ.

१. समन्स आलं की मुकाट्याने घे – नाकारलं तरी बजावलं असंच धरतात, आणि मग दावा एकतर्फी चालतो.

२. लेखी कैफियत तीस दिवसांत दे, आणि समोरच्याच्या अर्जातल्या परिच्छेदांना त्याच क्रमाने एकेक उत्तर लिही – ज्याला उत्तर नाही, ते तुला मान्य आहे असा अर्थ निघू शकतो.

३. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती कर: एक न्यायालयाला, एक समोरच्याला, एक तुला. तुझ्या प्रतीवर शिक्का-सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस – पोच नाही, तर पोहोचलंच नाही.

४. पोटगीचा प्रश्न असेल तर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात तसं घालून दिलंय. घरभाडं, शाळेची फी, औषधं, सगळ्याच्या पावत्या आजपासून जमव, आणि आकडा फुगवू नकोस, लपवूही नकोस – एक आकडा खोटा निघाला की बाकीचे नऊ खरे असूनही कुणी ऐकत नाही.

५. व्हॉट्सॲपवरचं काही पुसू नकोस, जुना फोनही विकू नकोस – नुसती प्रिंट पुरत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं. आणि रात्री अकरानंतर नवऱ्याला उत्तर पाठवायचं नाही, तुझा पारा मला ठाऊक आहे – रात्री लिहिलेलं, न्यायाधीश दिवसा वाचतात.

६. समुपदेशकाकडे पाठवतील तेव्हा मन मोकळं ठेवून जा – तडजोडीचा प्रयत्न करणं हे कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम ९ नुसार न्यायालयाचं कर्तव्यच आहे, तुला कमी लेखण्याचा त्यात डाव नसतो.

७. लेकराला काहीही पढवू नकोस, त्याच्यासमोर फाईलसुद्धा उघडू नकोस. न्यायाधीश त्याच्याशी एकट्याने बोलले तर त्याला जे वाटतं ते बोलू दे – दावा संपेल, पण आईबापांपैकी एकाविरुद्ध बोलायला लावल्याचं ओझं त्याच्यावर राहील.

८. बोर्डावर आपला नंबर बघ आणि पुकारा ऐकू येईल अशा ठिकाणीच बस, चहा नंतर – तू उपाहारगृहात आणि नाव पुकारलेलं, असं व्हायला नको.

९. बोलायचं ते न्यायाधीशांकडे बघून, नवऱ्याकडे नव्हे. तो बोलत असताना मधे न बोलता वहीत टिपून ठेव. उलटतपासणीत विचारलं तेवढंच सांग, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हण – अंदाजाने दिलेलं उत्तरही पुरावा म्हणूनच नोंदवलं जातं.

१०. निघताना रोजनाम्यात काय लिहिलं आणि पुढच्या तारखेला काय आणायचं, ते विचारून घे. दाव्याचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्स ॲपवर टाकून आदल्या रात्री पुन्हा बघ – तारीख तोंडी ऐकण्यात चूक होते.

११. झेपेनासं झालं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. आणि निकाल विरुद्ध गेला, तर उच्च न्यायालयात अपील करायला कुटुंब न्यायालय कायद्यात तीस दिवस दिलेत.