पेन्सिलीने लिहिलेला 'मी'

आमच्या आरशाच्या वरच्या कोपऱ्यात चिकटपट्टीचा पिवळट डाग अजून आहे. तिथे एक कागद होता आणि कागदावर आकडा: ३३,७५,०००. सकाळी दाढी करताना एकदा आणि रात्री झोपायच्या आधी एकदा, असा तो मी मोठ्याने वाचायचो. आतल्या खोलीतून बायको म्हणायची, "जरा हळू, पोरं झोपलीत."

ही युक्ती माझ्या डोक्यातली नव्हती. नेपोलियन हिलचं 'थिंक अँड ग्रो रिच' १९३७ साली अमेरिकेत निघालं. मंदीने पोळलेल्या लोकांनी ते डोक्यावर घेतलं आणि ते आजही खपतं. हवी ती रक्कम नेमकी ठरवा, मुदत ठरवा, कागदावर लिहा, रोज दोनदा वाचा, असं त्यात आहे. जळगावला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा त्याचा मराठी अनुवाद घेतला. बऱ्हाणपूरला परत येईस्तोवर गाडीतच पहिली तीन प्रकरणं संपवली आणि तिथेच थांबलो. म्हटलं, कळलं आपल्याला.

आमची तापीकाठी चार एकर केळी. घरचं पोट भरेल, वर चार पैसे राहतील, अशी. पुस्तकाने अंगात वारं भरलं आणि मी आणखी सहा एकर खंडाने घेतले. एकरी दीड हजार रोपं धरली तर नऊ हजार. प्रत्येकाला पंचवीस किलोचा घड धरला तर सव्वादोन हजार क्विंटल. त्याला मंडीत कधीतरी कानावर पडलेला सगळ्यात वरचा भाव लावला, पंधराशे. गुणाकार केला, आरशावर चिकटवला. वजाबाकी केलीच नाही. रोपं, खतं, ठिबक, मजुरी, खंड, व्याज, यातलं काहीच त्या कागदावर नव्हतं.

शेजारच्या बांधावरचे नाना तेवढं एकच विचारून गेले, "भाऊ, त्या शेतातली विहीर चैतात पाहिली का कधी?"

मी त्यांना नकारात्मक विचारांवर अर्धा तास ऐकवलं. नाना बिचारे बिडी विझेपर्यंत ऐकत उभे राहिले, मग बैल सोडायला गेले.

विहीर मी आषाढात पाहिली होती. आषाढात कोणाची विहीर भरलेली नसते? मृगातली लागण छान लागली. माघात बाग निसवली, तेव्हा येईल त्याला मी घड दाखवत होतो. चैतात पाणी पायरीपायरीने उतरलं, वैशाखात मोटर तासभर चालून हवा ओढायला लागली. आमच्याकडचा वैशाख म्हणजे पारा चव्वेचाळीसच्या पुढे. पानं फाटली, घड भरायचे थांबले, फळ बोटाएवढं राहिलं. जे थोडं सावरलं होतं ते जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या वादळाने कंबरेतून मोडलं. सकाळी बागेत गेलो तर झाडं एकाच दिशेला तोंड करून झोपलेली, आणि मोडलेल्या खोडांतून पाणी झिरपत होतं. उन्हाळाभर ज्या पाण्यासाठी तडफडलो तेच.

वादळाला दोष देऊन मी बरेच दिवस काढले. मग पुस्तकाला दिला. सोसायटीचं कर्ज, एका खाजगी माणसाचे व्याजाचे पैसे, बायकोच्या पाटल्या गहाण. फेडायला पाच वर्षं लागली. त्यांचं वर्णन करत बसत नाही, ज्यांनी फेडलंय त्यांना ठाऊक आहे.

वादळानंतरच्या त्याच पावसाळ्यात देव्हाऱ्याची भिंत ओली झाली म्हणून वरचं सामान खाली काढलं. लाल फडक्यात बांधलेला आजोबांचा दासबोध हातात आला. आजोबा इथल्याच, बऱ्हाणपुरातल्या लालबागच्या ताप्ती मिलमध्ये साच्यावर होते. ते गेल्यापासून पोथीला हळदकुंकू रोज होतं, पण गाठ कोणी सोडली नव्हती. मी सोडली ती ओल लागली का हे बघायला. पोथी उघडली दुसऱ्या दशकात, कारण तिथेच खुणेचा दोरा होता.

दासबोधाचे २० दशक, २०० समास. त्यातला दुसऱ्या दशकाचा पहिला समास म्हणजे मूर्खलक्षणं. शाळेत आपण तो हसायला वाचतो. आजोबांच्या पोथीत मात्र समासात जागोजाग, ओवीच्या कडेला, बारीक पेन्सिलीने एकच शब्द होता: 'मी'. मोजले, चौदा ठिकाणी. दोन ठिकाणी 'मी' लिहून नंतर आडवी रेघ मारलेली. एवढ्या वर्षांत दोनच. आजोबांना मी कडक, नीटनेटका माणूस म्हणून ओळखत होतो. (वाडवडिलांची कीर्ती सांगत फिरणाराही त्या यादीत आहे, पण हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.)

वाचत गेलो. आपली आपण स्तुती करणारा. तिथे मी थांबलो नाही, ते सगळ्यांनाच लागू. पुढे एक ओवी अशी आली की हसूच फुटलं: वाचताना अक्षरं गाळणारा, किंवा पदरची घालणारा, आणि पुस्तकाची निगा न राखणारा. तिच्या मागोमाग स्वतः न वाचता, दुसऱ्याला वाचू न देता पोथी बांधून ठेवणारा. समोर फडकं पडलेलंच होतं.

मग त्याच दशकाचा दहावा समास काढला, पढतमूर्खाचा. साधा मूर्ख परवडला, असं वाटायला लावणारा. ग्रंथ मुळापासून न पाहता त्याला नावं ठेवणारा तिथे भेटला, आणि मी उठून कपाटातलं ते अमेरिकन पुस्तक काढलं. तेरा सूत्रांपैकी जी मी गाळली होती ती वाचली. विशेष ज्ञान मिळवा. योजना नीट आखा, फसली तर दुसरी आखा. रकमेच्या बदल्यात काय देणार तेही लिहा, हे तर मी वाचलेल्या पानांतच होतं. माझी नजर त्यावरून घसरली होती. पुस्तकाने गुणाकाराबरोबर वजाबाकीही सांगितली होती. अक्षरं मी गाळली होती.

म्हणून आता कोणी पोरगं असलं पुस्तक बगलेत मारून माझ्याकडे आलं की मी त्याला पुस्तक टाकून दे म्हणत नाही. शेवटच्या पानापर्यंत वाच म्हणतो, आणि एक गोष्ट करून झाल्याशिवाय पुढचं प्रकरण उघडू नको म्हणतो. वाचून जी हुशारी चढते ती काम केल्यासारखीच वाटते, हाच त्यातला धोका. कुठल्या तरी हॉटेलच्या हॉलमध्ये फी भरून टाळ्या वाजवायला जाण्याआधी, ज्याचा त्याच धंद्यात पैसा बुडाला त्याच्याकडे जाऊन बस. तो फुकट बोलतो, आणि तारखांसकट बोलतो. आकडा लिहायचा तर खर्चाचा आधी लिही. उत्पन्नाला गेल्या पाच वर्षांतला पडलेला भाव लाव, त्यातही हिशोब जमला तर मग आरशाला चिकटव.

दासबोधाच्या त्याच दशकातल्या दुसऱ्या समासात, उत्तमलक्षणांत, समर्थ रामदास सांगतात की वाट विचारल्याशिवाय चालू नये, फळ ओळखल्याशिवाय खाऊ नये. किती साधं. पण आमच्या गावात त्याचा पुरावा जमिनीखाली आहे. १६१५ च्या सुमाराला, रामदास सात-आठ वर्षांचे असताना, इथे खानखानान रहीमच्या काळात कुंडी भंडारा खोदला गेला. सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपतं पाणी कुंड्याकुंड्यांतून, नुसत्या उतारावर, शहरापर्यंत आणलं. खोदणाऱ्यांनी आधी पाणी कुठून येतं ते पाहिलं. पाहुण्यांना तो दाखवायला मी लहानपणापासून जातोय, खाली उतरतो, थंडगार लागतं म्हणतो. आणि सहा एकरांची विहीर मी आषाढात पाहिली.

पोथी आता फडक्यात नसते. जेवणाच्या टेबलावर असते, तिच्यावर कधी कधी आमटीचा थेंब पडतो, त्याबद्दल समर्थांची माफी. रविवारी एक समास, त्याहून जास्त नाही. आजोबांच्या पेन्सिलीच्या खुणांशेजारी मी निळ्या पेनने माझ्या करतो. आजवर अकरा झाल्या आहेत.

मागच्या महिन्यात मूर्खलक्षणांचा समास पुन्हा वाचायला घेतला. करणं थोडं आणि बोलणं फार, अशा अर्थाची एक ओवी आहे. तिच्यापुढे आजोबांची खूण नव्हती, माझीही नव्हती. तिथे पेन्सिलीने, बायकोच्या अक्षरात, ताजं लिहिलेलं होतं: 'तुम्ही'.