सर्पाच्या पेटीस ऊब कशी द्यावी?

सर्प हा शीतरक्ताचा प्राणी आहे, असें आपल्या क्रमिक पुस्तकांत लिहिलेलें असतें. त्यावरून सर्पाचें रक्त नेहमींच थंड असतें असा पुष्कळांचा समज होतो. पण तो बरोबर नाहीं. मनुष्य, गाय, चिमणी हे प्राणी खाल्लेल्या अन्नापासून शरीरांतच उष्णता निर्माण करितात. सर्पास ती बहुतेक बाहेरून घ्यावी लागते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत पौषाच्या सकाळीं धामण बांधावर ऊन खात पडते आणि वैशाखांत तीच बिळाच्या गारव्यास जाते, याचें कारण हेंच होय.

ही ऊब न मिळाल्यास सर्प नुसता सुस्त होतो असें नाहीं. गिळलेलें भक्ष्य पोटांत पचत नाहीं. तें कुजूं लागतें किंवा ओकून पडतें, आणि रोगाशीं झगडण्याची शक्तिही घटते. रानांत तो ऊन व सावली स्वतः शोधतो. पेटींत कोंडल्यावर ती काळजी मनुष्यावर येते.

येथें एक खुलासा केला पाहिजे. आपल्या देशांतील रानटी सर्प घरीं पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे. म्हणून साप आढळल्यास विद्यार्थ्यांनीं त्यास हात न लावतां वडील माणसांस व वन खात्यास कळवावें. परंतु कात्रज येथील सर्पोद्यानासारख्या संस्था, जखमी सर्पांची शुश्रूषा करणारे लोक, आणि आफ्रिकेंतील बॉल पायथन हा लहान अजगर २०२४ च्या नियमांप्रमाणें नोंद करून पाळणारे हौशी गृहस्थ, या सर्वांस पुढील विचार करावा लागतो.

मुख्य नियम एकच: सगळी पेटी सारखी तापवूं नये. अजगरासाठीं एक बाजू सुमारें ३१-३२ अंश सेंटिग्रेड व दुसरी २५-२६ अंश ठेवावी, आणि दोन्हीकडे लपावयास जागा द्यावी; म्हणजे कोठें बसावें हें सर्पच ठरवील.

आतां साधनें पाहूं. विजेचा दिवा सूर्याप्रमाणें वरून ऊब देतो. परंतु रात्रीं त्याचा उजेड सर्पास त्रासदायक होतो. प्रकाश न देणारा चिनीमातीचा तापक हा दोष टाळतो. दोहोंसही जाळी बसविली पाहिजे, नाहींतर सर्प त्यांस वेटोळें घालून भाजून घेतो. पेटीच्या तळाशीं एका बाजूस लावावयाची तापपट्टी उन्हानें तापलेल्या जमिनीसारखें काम करिते. विजेनें तापणारा कृत्रिम दगड मात्र घेऊं नये. तो एखाद्याच जागीं फार तापतो आणि सर्प वेळीं बाजूस न सरल्यानें त्याचें पोट भाजतें. कोणतेंही साधन असो, ठराविक उष्णता होतांच वीज बंद करणारें नियामक यंत्र व दोन उष्णतामापक हवेतच. आपल्या हातास कोमट लागतें, एवढ्यावर विसंबूं नये.

आपल्या जिल्ह्यांत आणखी दोन गोष्टी ध्यानांत धराव्या. हिंवाळ्याच्या रात्रीं वीज गेल्यास कोळशाची शेगडी जवळ ठेवूं नये. तिच्या विषारी वायूनें सर्पाचा व घरच्या माणसांचाही जीव धोक्यांत येतो. कापडांत गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली बरी. उन्हाळ्यांत पारा ४२ अंशांपुढें जातो, तेव्हां तापकाची नव्हे, गारव्याची चिंता करावी. कांचेची पेटी उन्हांत ठेवल्यास आंतील प्राणी थोडक्याच वेळांत मरतो.

अजगराची मादी अंड्यांभोंवतीं वेटोळें घालून बसते आणि स्नायू थरथरवून त्यांस ऊब देते. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयांत अशा मादीची उष्णता १८४१ सालीं मोजली गेली, तेव्हां ती भोंवतालच्या हवेपेक्षां पुष्कळ अधिक भरली. एरवीं बाहेरची ऊब शोधणारा हा जीव पिलांसाठीं ती स्वतः निर्माण करितो! ज्या प्राण्यास आपण कोंडून ठेविलें, त्यास निदान त्याच्या गरजेइतकी ऊब मोजून देणें, एवढें तरी आपल्याकडून घडलें पाहिजे.