डिझेलचा कॅन आणि आपले घर



उन्हाळी नांगरटीचे दिवस आले की आपल्या बेळगाव-खानापूर भागात ट्रॅक्टरवाल्यांच्या आणि पंपवाल्यांच्या घरी डिझेलचे कॅन येऊन बसतात. कुणाच्या पडवीत, कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या तर चुलीपासून चार हातांवर. विचारले तर उत्तर ठरलेले : "ते काय पेट्रोल आहे होय? काडी टाकली तरी विझते." हे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच आम्हांला त्याची अधिक भीती वाटते.

तेल जळते म्हणजे त्याची वाफ जळते. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेण्याइतकी सुटते. डिझेलला त्यासाठी ऊब लागते. ही पातळी किमान ३५ अंश सेल्सियस असावी, असे भारतीय मानक सांगते. आता एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये किती तापते, हे आपणांस सांगायला नको. शिवाय आजीच्या काळातली रॉकेलची चिमणी आठवा. रॉकेल डिझेलच्याच जातीचे. खाली भांड्यातले रॉकेल शांत राही आणि वर वात एका काडीने पेटे. डिझेलने भिजलेले फडके, गोणपाट, उसाचा पाला, कडबा, या सगळ्या वातीच होत. आणि मोटारसायकलच्या कॅनमधले थोडे पेट्रोल चुकून डिझेलमध्ये पडले, तर ते मिश्रण डिझेलसारखे थंडपणे वागत नाही. दोन्हींचे कॅन निराळे ठेवून त्यांवर रंगाने ठळक नाव घालावे.

१९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे २५०० लिटरपर्यंत डिझेल ठेवण्यास परवाना लागत नाही, मात्र एकाही भांड्यात १००० लिटरहून अधिक नसावे. म्हणजे आपल्या दारी तपासणीला कोणी येणार नाही. देखरेख आपली आपणच करायची आहे. जागा सावलीची, वारा खेळता असलेली, कुलूपबंद आणि घरापासून व गंजीपासून दूर असावी. तेथून विहिरीकडे उतार नसावा. बॅरल काठोकाठ भरू नये, कारण २०० लिटर डिझेल २० अंशांनी तापले तर तीन लिटरांहून अधिक फुगते. सांडलेच तर वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून गोळा करावे. पाण्याने धुऊन गटारात सोडू नये.

भरल्या बॅरलची काळजी निदान थोडी तरी घेतली जाते, रिकाम्याची कोणीच घेत नाही. जनावरांना पाणी पाजायला बॅरल मधोमध कापून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. पण रिकाम्या बॅरलमध्ये तळाला राहिलेले तेल आणि आत कोंडलेली वाफ असते. वेल्डिंगची किंवा कटरची आच लागताच तळाच्या तेलाची आणखी वाफ होते, ती हवेशी मिसळते आणि बॅरल बॉम्बसारखा फुटतो. दोनदा पाण्याने विसळला म्हणजे झाले, असे समजू नये. जनावरांसाठी सिमेंटची डोणी बांधावी किंवा प्लॅस्टिकचे टब आणावे, ते स्वस्तच पडेल.

आता मुलांविषयी. आमच्या शेजारच्या वाडीत एका घरी पंपासाठी थोडे डिझेल थंड पेयाच्या बाटलीत काढून खिडकीत ठेवले होते. चार वर्षांचा पोरगा खेळून आला आणि दोन घोट प्याला. आजीने घाबरून मिठाचे पाणी पाजले, घशात बोट घातले, पोराला ओकायला लावले. तिने मायेनेच केले. विष पोटात गेले की ओकवावे, हेच आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. पण रात्री पोराला ताप भरला, श्वास लागला, आणि इस्पितळात कितीतरी दिवस काढावे लागले. डॉक्टरांनी नंतर समजावले की डिझेल-रॉकेलचा मोठा धोका पोटाला नसून फुप्फुसाला असतो. पातळ असल्यामुळे ते ओकताना सहज श्वासनळीत उतरते आणि फुप्फुस सुजते.

म्हणून आयांनो, आज्यांनो, हे एवढे पक्के ध्यानात ठेवा : ओकवू नका. दूध, तेल, मिठाचे पाणी काही पाजू नका. तोंड पुसून घ्या, भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा. मूल आपोआप ओकू लागले तर त्याला कुशीवर वळवा, डोके खाली राहू द्या. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने इस्पितळ गाठा, ती बाटलीही बरोबर न्या. पोर हसत-खेळत असले तरी न्याच. खोकला आणि धाप काही तासांनीही सुरू होते, म्हणून डॉक्टर निदान सहा तास नजरेखाली ठेवतात.

नळीने तोंडाने डिझेल ओढणाऱ्या मोठ्या माणसांनाही हेच लागू आहे. ठसका लागला की तेल छातीत गेलेच. आम्हीही तरुणपणी हा शहाणपणा केला आहे आणि आठवडाभर खोकलो आहोत. हातपंप किंवा नरसाळे वापरावे.

ट्रॅक्टरच्या इंजेक्टरची गळती बोटाने चाचपू नये. तो फवारा इतक्या जोराचा असतो की कातडीतून आत शिरतो. वर सुईच्या टोकाएवढी खूण दिसते, दुखतही नाही, पण आतून हात सडू शकतो. गळती पुठ्ठा धरून पाहावी. फवारा घुसलाच तर दुखण्याची वाट न बघता त्याच दिवशी शस्त्रक्रिया होणाऱ्या इस्पितळात जावे आणि "डिझेल आत घुसले" असे स्पष्ट सांगावे.

डिझेलच्या आगीवर पाणी ओतू नये. डिझेल पाण्याहून हलके, ते पाण्यावर तरंगत पेटत्या रूपातच पसरते. आग लहान असताना कोरडी माती, वाळू किंवा पावडरचा अग्निशामक वापरावा. शेडजवळ वाळूच्या दोन बादल्या कायम भरून ठेवाव्यात. आग आवाक्याबाहेर गेली तर माणसे-जनावरे बाहेर काढून ११२ ला कळवावे. अंगावरचे कपडे पेटले तर धावू नये, जमिनीवर लोळावे किंवा घोंगडी गुंडाळावी, नायलॉनचे काही नको. भाजलेल्या जागी वीस मिनिटे स्वच्छ साधे पाणी सोडावे, बांगड्या-अंगठ्या लगेच काढाव्यात, वर स्वच्छ फडके झाकावे. हळद, शाई, टूथपेस्ट लावून डॉक्टरांचे काम वाढवू नये.

राहिली आपल्या चर्चची गोष्ट. ३० ऑगस्टपासून मोंती सायबिणीचा नोव्हेना सुरू होईल. पावसात वीज जातेच, म्हणून जनरेटर लागेल. गेल्या वर्षी तो मेणबत्त्यांच्या स्टँडला लागूनच होता आणि आमच्यातलाच एक उत्साही तरुण चालू मशिनमध्ये कॅनने डिझेल ओतत होता. यंदा जनरेटर मागच्या भिंतीपलीकडे, उघड्या हवेत पण पावसाच्या आडोशाला राहील आणि जवळ वाळूची बादली असेल. डिझेल घालायचे ते मशिन बंद करून, चांगले निवल्यावर. तेवढा वेळ रोझरी माईकशिवाय होईल.