खेचरावरचे टपाल

प्रश्न : अमेरिकेत एका गावाला अजून खेचरावरून टपाल जाते, असे ऐकले. खरे आहे का? आणि असेल तर ते लोक दरी सोडून वर का राहायला येत नाहीत?
— एक वाचक, सातारा

उत्तर : खरे आहे. ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅन्यनला मिळणारी हवासू नावाची दरी आहे, तिच्या तळाशी सुपाय हे गाव. वस्ती हवासुपाय जमातीची, जेमतेम दोनशे-अडीचशे माणसांची. मोटारीचा रस्ता कड्यावरच संपतो. पुढे सुमारे 13 किलोमीटरची पायवाट. चाला, घोड्या-खेचरावर बसा, नाहीतर हेलिकॉप्टर गाठा. टपालात पत्रे कमी आणि किराणा जास्त. ते पीच स्प्रिंग्जच्या पोस्टातून येते, आणि नाशवंत मालासाठी त्या पोस्टात चक्क शीतगृह आहे.

खरी गंमत तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे, कारण हे लोक वरचेही होतेच. उन्हाळ्यात दरीत उतरायचे आणि बारमाही झऱ्याच्या पाण्यावर मका, घेवडा, भोपळा पिकवायचा. थंडीत वर पठारावर शिकार करायची, रानमेवा गोळा करायचा. वर्षाचे असे दोन भाग होते. 1882 मध्ये राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांच्या आदेशाने त्यांच्या नावावर दरीतली 518 एकर जमीन तेवढी उरली. पठार गेले, म्हणजे अर्धे वर्षच गेले म्हणा ना! पठारावर पुढे जंगलखाते आले, 1919 मध्ये राष्ट्रीय उद्यानही झाले. जमातीने मागणी सोडली नाही, आणि 1975 च्या कायद्याने सुमारे 1,85,000 एकर परत मिळाले. तेव्हा 'वर का येत नाहीत' हे विचारायचेच, तर त्यांना 93 वर्षे खाली कोंडणाऱ्यांना विचारावे.

तळाशी राहणे सोपे नाहीच. 1910 च्या पुराने गाव धुऊन नेले. 2008 च्या पुरात ओढ्याने वाट बदलली. एक जुना धबधबा कोरडा पडला आणि शेजारी नवे तयार झाले. निळ्या-हिरव्या पाण्याची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. तो रंग पाण्यात विरघळलेल्या चुन्याचा प्रताप. तोच चुना साचून धबधब्यांखाली कुंडांचे बांध तयार होतात.

जायचा विचार असेल तर मुक्कामाचे आरक्षण जमातीकडूनच, आधी करावे लागते. सकाळी उतरून संध्याकाळी परत, हा बेत तिथे चालत नाही. पत्र टाकायला मात्र विसरू नका. खेचरांच्या टपालाचा खास शिक्का त्यावर बसतो.