वाऱ्यावरचा दिवा

वाऱ्याची झुळूक आली की दिव्यापुढे हाताचा आडोसा धरावा लागतो. वारा म्हणजे दिव्याचा शत्रू, अशीच आपली समजूत असते. परंतु त्याच वाऱ्याकडून आपल्या घरात दिवा लावून घेणारा एक मुलगा आफ्रिकेत निघाला. त्याचे नाव विल्यम कामक्वाम्बा.

आफ्रिका खंडाच्या आग्नेय भागात मलावी नावाचा एक लहानसा देश आहे. १९८७ साली जन्मलेल्या विल्यमचे बालपण तेथील मासिताला या खेड्यात गेले. त्याचे वडील शेतकरी होते. मका आणि तंबाखू ही त्यांची पिके. गावात वीज नव्हती. सूर्य मावळला की सर्वत्र काळोख पसरे. रॉकेलचा दिवा लावावा, तर पैसा खर्च होई आणि घरभर धूर कोंडे.

२००१ साली पिके बुडाली आणि देशात भीषण दुष्काळ पडला. विल्यमच्या घरची माणसे दिवसातून एकदाच जेवू लागली, आणि तेही चार घास. विल्यमने नुकतेच माध्यमिक शाळेत पाऊल ठेवले होते. पण फी भरण्यास पैसे नसल्याने त्याला शाळा सोडावी लागली.

शाळा सुटली, तरी शिकण्याची ओढ सुटली नाही. जवळच्या विम्बे गावच्या प्राथमिक शाळेत एक छोटे ग्रंथालय होते. तेथे तो जाऊन बसे. त्याला इंग्रजी बेताचेच येई. म्हणून तो आधी आकृती पाही आणि मग तिच्याखालील शब्दांचा अर्थ लावी. एका पुस्तकात त्याला पवनचक्क्यांचे चित्र दिसले. पवनचक्कीने वीज निर्माण होते, पाणीही उपसता येते, असे त्याने वाचले. पाणी मिळाले तर वर्षातून दोन पिके निघतील आणि पुन्हा उपाशी राहावे लागणार नाही, हा विचार त्याच्या मनात घर करून बसला.

पवनचक्की कशी चालते, हे पुस्तकात होते. ती कशी बांधावी, हे नव्हते. विल्यम भंगाराच्या ढिगात वस्तू शोधू लागला. ट्रॅक्टरचा जुना पंखा, मोटारीच्या धक्काशोषकाचा दांडा आणि वडिलांची मोडकी सायकल त्याने जमवली. प्लॅस्टिकचा नळ विस्तवावर मऊ करून त्याने सपाट केला व त्याची पाती बनवली. सायकलचा डायनॅमो एका मित्राने स्वतःच्या पैशांनी घेऊन दिला. हा उद्योग पाहून लोक विल्यमला वेडा म्हणू लागले.

२००२ साली निलगिरीच्या खांबांचा सुमारे ५ मीटर उंच मनोरा उभा राहिला. वाऱ्याने पाती फिरली, की साखळीने सायकलचे चाक फिरे आणि चाकाला टेकलेला डायनॅमो फिरू लागे. डायनॅमोत तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरला, की तारेत वीज निर्माण होते. हसण्यासाठी जमलेल्या लोकांदेखत विल्यमच्या हातातील लहानसा बल्ब लुकलुकला आणि मग लख्ख पेटला! हसणारे लोक आता टाळ्या वाजवू लागले.

हळूहळू त्याने घरात चार दिवे लावले. जुन्या चपलांच्या रबरापासून त्याने बटणे केली. पाणी मात्र लगेच मिळाले नाही. त्यासाठी त्याने पुढे सूर्यशक्तीवर चालणारा पंप बसवला. २००६ साली वृत्तपत्रात त्याची हकीकत छापून आली आणि त्याला पुन्हा शाळेत जाता आले. २०१४ साली तो अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाचा पदवीधर झाला.

वारा मासितालात पूर्वीही वाहत होता आणि भंगारही तेथेच पडून होते. त्या दोहोंची गाठ घालून देणारा मुलगा तेवढा हवा होता.

स्वाध्याय
१. विल्यमला शाळा का सोडावी लागली?
२. वाऱ्यापासून बल्ब पेटेपर्यंतच्या क्रिया क्रमाने लिहा.
३. विल्यमला दिव्यापेक्षाही पाण्याची गरज अधिक का वाटली असेल?